अंगठ्याचा मान

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यातील महिला मेळाव्यात झालेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)





आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. या सोहळ्यात चार शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, मला कीर्तन येत नाही, प्रवचन येत नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवली. तर मी हिशेबाचंच बोलेन. महाराज म्हणाले, बोला, हिशेब काही वाईट नसतो. म्हणून उभी आहे.

सुरुवात माझ्या सासूबाईंपासून करते. तुमच्यातल्या जुन्या बायांना त्या आठवत असतील. डोक्यावर तुळस घेऊन त्या या दिंडीत वीसेक वर्षं चालल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण बाजरीच्या मापावरून भाकरी किती होतील ते बरोबर सांगायच्या. कोंबडीची अंडी विकायच्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या आणि त्यातला रुपया-दोन रुपया बाजरीच्या डब्यात, अगदी तळाशी, फडक्यात बांधून ठेवायच्या. ते वारीचे पैसे. भिशी भरायला, वाटेत चहापाण्याला, आणि येताना नातवंडांना चुरमुरे-बत्तासे घ्यायला.

एका वर्षी ज्येष्ठात डबा उपसला तर फडकं रिकामं. घरातल्याच माणसानं पैसे उचलले होते. बैलाचं औषधपाणी करायचं होतं, म्हणजे काही वाईट कामाला गेले नव्हते. पण विचारलं नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी दिंडी गावाच्या वेशीवरून निघाली तेव्हा त्या तुळशीची कुंडी पुढच्या बाईच्या डोक्यावर ठेवून माघारी आल्या. घरी येऊन जात्यावर बसल्या. मी नवी सून होते. त्यांचं ते जात्यावर बसणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

पुढं मी त्यांना तालुक्याच्या गावी एका बँकेत घेऊन गेले. खातं काढू म्हटलं. खिडकीतल्या साहेबानं विचारलं, सही येते का? अंगठा आहे म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, आजी, एवढ्याशा पैशाला खातं कशाला, घरीच ठेवा की! घरीच ठेवले होते साहेब, म्हणून तर आलो होतो. पण हे त्याला सांगणार कोण?

म्हणून म्हसवडची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती लांबची वाटली नाही. आज तुम्हाला तीच सांगायची आहे.

माऊलींच्या पालखीबरोबर आपण नातेपुत्याला मुक्काम करतो. तिथून दक्षिणेला शिखर शिंगणापूरचा डोंगर. त्या डोंगराच्या पलीकडे माणगंगेच्या काठी म्हसवड. सिद्धनाथाचं गाव. सातारा जिल्ह्यातला हा माण तालुका कायमचा दुष्काळी. पुरुषमंडळी पूर्वीपासून पोटासाठी बाहेर पडणारी, कुणी मुंबईत माथाडी, कुणी ऊसतोडीला. मागं घर, म्हातारी माणसं आणि शेरडं-मेंढरं बाईच्या अंगावर. म्हणजे प्रपंच ती चालवते, पण कागदावर कुठंच नाही.

चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाशजींच्या आंदोलनातून घडलेल्या. लग्न होऊन म्हसवडला आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांच्याकडं एक बाई आली. लोहारकाम करणारी, कुटुंबासह रस्त्याच्या कडेला राहणारी. तिला कर्ज नको होतं, मदत नको होती. तिला आपल्याच कमाईतले थोडे थोडे पैसे साठवायचे होते. का? तर पावसाळा तोंडावर आला होता आणि डोक्यावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. बँकेनं तिचं खातं काढलं नाही. रक्कम फार लहान, म्हणे. चेतनाताईंनी ही हकिगत पुढं जगभरच्या सभांमधून सांगितली आहे. ऐकताना मला आमच्या खिडकीतले साहेबच आठवले.

मग ताईंनी ठरवलं, बायकांची स्वतःचीच बँक काढायची. अर्ज रिझर्व्ह बँकेकडं गेला आणि फेटाळला गेला. कारण काय, तर बँक काढणाऱ्या बायका निरक्षर! कागदावर सह्यांच्या जागी अंगठे होते.

ताई निराश होऊन गावी परतल्या. पण बाया म्हणाल्या, रडायचं कशाला, आपण शिकू. दिवसभर रानात राबायचं आणि संध्याकाळी पाटी घेऊन बसायचं, असे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी या बाया स्वतः मुंबईला साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं होतं: आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही. वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा. आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय करायला सांगा, बघू कुणाचं आधी होतंय!

परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. गावाकडच्या बायांनी बायांसाठी काढलेली देशातली ही पहिली बँक समजली जाते. तिच्या जोडीला माणदेशी फाउंडेशन ही संस्था काम करते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, यात एवढं काय? पैसे ठेवायचे आणि काढायचे. तर थोडा हिशेब करू. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई घ्या. सकाळी माल भरायला तिच्याकडं भांडवल नसतं. सावकार तिच्या हातावर ९०० रुपये ठेवतो आणि संध्याकाळी १००० परत घेतो. शंभर रुपये तर गेले, असं आपण म्हणतो. पण ती आठवड्याला सहा गावचे सहा बाजार करते. आठवड्याचे ६०० झाले. चार आठवड्यांचे २४००. बारा महिने असंच चाललं तर २८,८०० रुपये! नऊशे रुपयांच्या भांडवलासाठी वर्षाला अठ्ठावीस हजार आठशे. आणि वर्ष संपल्यावर ते नऊशे तिचे नाहीतच. हीच बाई रोज वीस रुपये बाजूला टाकेल तर पंचेचाळीस दिवसांत ९०० होतात, आणि ते तिचे असतात. शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो तेवढंच हे गणित आहे. पण वीस रुपये घेणारी खिडकी जवळ पाहिजे, आणि ते घेताना कुणी हसता कामा नये.

माणदेशीच्या बँकेनं ही खिडकी बाईच्या दारात नेली. बाजार बुडवून, मजुरी बुडवून बँकेत कोण येणार? म्हणून बँकेची माणसं तिच्यापर्यंत जायला लागली. पुढं खात्याला गुप्त आकडा द्यायची गोष्ट निघाली. तेव्हा बायांनीच नको म्हटलं. आकडा कुणीही चोरील आणि पैसे काढून नेईल, पण आमचा अंगठा कोण चोरणार? अंगठाच ठेवा!

मायबहिणींनो, इथं मला थांबावंसं वाटतं. ज्या अंगठ्यापायी साहेबांनी अर्ज परत पाठवला, तोच अंगठा त्यांनी कुलपाची किल्ली केला. बाई तीच होती, अंगठाही तोच होता. तिला विचारून काम केलं, एवढाच फरक.

असंच दुष्काळात झालं. २०१२-१३ सालचा दुष्काळ आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. त्या वेळी एक बाई अंगावरचे दागिने घेऊन बँकेत आली. गहाण ठेवायचे होते. कशासाठी, तर जनावरांच्या चाऱ्यापाण्यासाठी. तिनं उलट विचारलं, कर्ज तुम्ही द्याल हो, पण गावात पाणीच नाही तर पैसे घेऊन मी आणू काय? त्या प्रश्नातून म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. हजारो जनावरं तिथं जगली. शेतकरी घरची माणसं जनावरांसोबत मुक्कामाला राहिली. बँकेनं छावणी काढावी हे कुठल्या नियमात बसत होतं कुणास ठाऊक, पण गरज तीच होती.

आज या संस्थेची बसमधली उद्योगशाळा गावोगाव फिरते. बायांना हिशेब, संगणक, छोटा धंदा कसा करायचा ते दारात येऊन शिकवते. माणदेशी तरंग नावाचं रेडिओ केंद्र आहे, त्यावर गावच्याच बाया बोलतात, गातात. २०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये दावोसला जगातले मोठमोठे धनवान आणि राज्यकर्ते जमले, त्या परिषदेच्या सात सहअध्यक्षांत म्हसवडच्या चेतनाताई होत्या.

एक सावधगिरीची गोष्ट सांगते, नाहीतर माझं बोलणं अर्धवट राहील. बाईच्या नावानं पैसा येतो ते सगळं चांगलंच, असं नाही. हल्ली गावात दर आठवड्याला हप्ते गोळा करणारे येतात. एकीचा हप्ता चुकला की दहाजणींना बसवून ठेवतात. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. पैसा उचलला नवऱ्यानं किंवा पोरानं, आणि फेडायला बाई. तेव्हा तीन प्रश्न विचारत जा. आधी बचत आहे का, की थेट कर्जच? व्याज वर्षाचं किती, हे समजेल असं सांगतात का? आणि ही संस्था कुणाची आहे? सहकारी संस्थेत एक सभासद, एक मत. हजाराचा भाग घेणारीला एक मत आणि लाखवालीलाही एकच. पण ते मत वापरायचं तर सर्वसाधारण सभेला गेलं पाहिजे. नुसता अंगठा देऊन घरी यायचं नाही.

आता शेवटचं, आणि घरचं.

आपल्या दिंडीत बाया किती आहेत ते बघा. तुळशी आपल्या डोक्यावर, हंडे आपल्या डोक्यावर. मुक्कामाला पोचल्यावर पाय चेपायच्या आधी चुली आपण पेटवतो. याची तक्रार नाही, ती सेवा आहे आणि आनंदानं करतो. पण भिशीची पावती अजून बऱ्याचदा घरधन्याच्या नावानं फाटते, पैसे बाईनं खुरपून साठवलेले असले तरी. ज्यांचे मालक गेले त्यांची पावती पोराच्या नावानं. आणि शंभर वर्षांत दिंडीच्या जमाखर्चाच्या वहीवर एकाही बाईची सही नाही, अंगठाही नाही. ही कुणावर टीका नाही. कुणी मुद्दाम केलं असंही नाही. सासूबाईंचे पैसे उचलणाऱ्या माणसानंही मुद्दाम केलं नव्हतं. विचारायचं सुचलं नाही, इतकंच.

वारीत आपण एकमेकांना माऊली म्हणतो. लहान-थोर, बाई-पुरुष, कुठल्याही जातीचा, सगळे एकमेकांच्या पाया पडतो. जनाबाईचं नाव नामदेवरायांच्या बरोबरीनं घेतो. मग वहीतसुद्धा तसंच असावं, एवढं माझं मागणं आहे. पुढच्या आषाढीपासून जिची भिशी तिच्या नावाची पावती. आणि जमाखर्च तपासणाऱ्या मंडळींत दोन बाया. त्यातली एक लिहिता-वाचता येणारी असू द्या आणि एक न येणारी असली तरी चालेल. वाचणारी वाचून दाखवील आणि दुसरी तोंडी हिशेब करून चूक काढील, याची मी शिक्षिका म्हणून खात्री देते!

विणेकरी बाबांनी मघाशी मान हलवली ती मी पाहिली आहे. आता सगळ्यांसमोर हो म्हटलं तर वहीचं पहिलं पान आजच लिहू.

सासूबाई पुढच्या वर्षी पुन्हा वारीला आल्या. ते पैसे त्यांनी डब्यात नाही, शेजारच्या विधवा बाईकडं ठेवायला दिले होते. दोघींचा एकमेकींवर विश्वास होता. त्यांची बँक तीच. दोघीही आता नाहीत. पण नव्या वहीत पहिली पावती फाडाल तेव्हा त्यांच्या नावाची एक भिशी मी भरणार आहे. सहीच्या जागी अंगठा उमटवायला त्या नाहीत, तर तेवढी जागा मोकळी सोडा.