खोपोलीची वीज आणि घरांतील तार

मुंबईहून पुण्यास जातांना कर्जत सोडल्यावर आगगाडी घाट चढूं लागते. त्या घाटमाथ्यावर लोणावळें, वळवण आणि शिरवटा येथें तलाव बांधलेले आहेत. त्यांचें पाणी मोठ्या नळांवाटें सुमारें ५०० मीटर खालीं उतरून खालापूर तालुक्यांतील खोपोलीच्या वीजघराचीं चाकें फिरवितें. जमशेटजी टाटा यांच्या मनांतील ही योजना त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनीं, १९१५ सालीं, सिद्धीस गेली आणि मुंबईच्या कापडगिरण्या या विजेवर चालूं लागल्या. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें वीजघर सुरू झालें.

विजेचीं मूलतत्त्वें समजण्यास हे नळ फार उपयोगी आहेत. पाणी जितकें उंचावरून येईल तितका त्याचा दाब अधिक. विजेचा दाब व्होल्टमध्यें मोजतात. दर सेकंदास किती पाणी वाहतें, हा त्याचा प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्यें मोजतात. नळ लांब व अरुंद असला कीं पाण्यास अडथळा होतो. तारेच्या अशा अडथळ्यास रोध म्हणतात व त्याचें माप ओहम. याच नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं नियम प्रसिद्ध केला, तो असा कीं, दाबास रोधानें भागिलें असतां प्रवाह मिळतो.

ही उपमा एका ठिकाणीं मात्र अपुरी पडते. खोपोलीचें पाणी काम संपल्यावर पाताळगंगेस मिळतें. तलावांत परतत नाहीं. विजेस जाण्यायेण्याची अखंड वाट लागते. तिला मंडल म्हणतात. बटणानें दिवा मालविणें म्हणजे ही वाट तोडणें होय. दिवे एकापुढें एक जोडले, तर एक विझतांच सर्व विझतात. म्हणून घरांत प्रत्येक दिव्यास स्वतंत्र फांटा असतो.

रोधांतून प्रवाह गेला कीं उष्णता उत्पन्न होते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर ती चौपट होते. १००० किलोवॅट वीज दूर न्यावयाची आहे आणि तारेचा रोध १ ओहम आहे, असें धरूं. दाब १,००० व्होल्ट ठेवल्यास प्रवाह १,००० अँपिअर होईल आणि सगळी वीज तार तापविण्यांतच खर्ची पडेल. दाब १ लक्ष व्होल्ट केला तर प्रवाह अवघा १० अँपिअर, आणि नाश केवळ १०० वॅट! खोपोलीहून मुंबईकडे वीज सुमारें १ लक्ष व्होल्टांच्या दाबानें धाडली गेली, ती याच कारणास्तव. शहरांत आल्यावर ट्रान्सफॉर्मर तो दाब उतरवितात. घरांत तो २३० व्होल्ट असतो.

तारेचा हा धर्म घरांतही बदलत नाहीं. १००० वॅटची इस्तरी सुमारें साडेचार अँपिअर प्रवाह ओढते. तिच्याच जोडीस, त्याच बारीक तारेवर, शेगडी व पाणी तापविण्याचें यंत्र लावलें, म्हणजे प्रत्येक फांट्याचा प्रवाह त्या एका तारेंत एकवटतो. तार भिंतीआड तापते, तिचें वेष्टन वितळतें आणि आग लागते. हें टाळण्यासाठीं फ्यूजची बारीक तार आधीं वितळून मंडल तोडते. ती वारंवार वितळते म्हणून तिच्या जागीं जाड तांब्याची तार घालणें, म्हणजे पहारेकऱ्यास झोपवून दार उघडें टाकणें होय. फ्यूज वितळला तर प्रथम त्या तारेवरील ओझें कमी करावें आणि मगच नवा फ्यूज, पूर्वीच्याच मापाचा, घालावा.