खोटा दस्त आणि दोन न्यायालये

(दिवेआगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गावात शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा मराठी ताम्रपट सापडला, तेथे दस्तऐवजांविषयी बोलताना थोडा संकोच वाटतो. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. त्या स्मृतीत ‘लेख्य’, म्हणजे दस्तऐवज, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा विषय आपल्याला नवा नाही.

वाडी सुपारीची, वडील निवर्तलेले. एक भाऊ मृत्युपत्र पुढे करतो, दुसरा म्हणतो, ही सही वडिलांची नव्हे. दिवाणी दावा लागतो. (असे दावे किती पिढ्या चालतात, हे कोकणात मी कोणाला सांगावे?) दुसरा भाऊ पोलीस ठाण्यात जातो तेव्हा ऐकतो, “प्रकरण कोर्टात आहे, आधी निकाल लागू द्या.” हे उत्तर कायद्याला धरून नाही.

इक्बालसिंग मारवा खटल्यात मार्च 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न सोडविला. वाद मृत्युपत्राचाच होता. दस्त आधी बाहेर बनावट करून मग न्यायालयात दाखल केला असेल, तर पीडित व्यक्ती स्वतः फिर्याद देऊ शकते. दाखल झाल्यानंतर, न्यायालयाच्या ताब्यात असताना त्यात खाडाखोड झाली, तरच फिर्याद न्यायालयाकडून व्हावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 मध्ये हे बंधन कायम आहे. म्हणून खोटेपणा केव्हा झाला, ती तारीख आधी शोधा.

आधी कोणते प्रकरण चालावे? 1954 च्या शेरीफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारणपणे फौजदारीला अग्रक्रम दिला. मात्र दिवाणी दावा संपत आला असेल तर तो आधी संपू द्यावा, असेही म्हटले. दिवाणीत संभाव्यतेचे पारडे पाहतात, फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. म्हणून एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला आपोआप बांधत नाही.

पण प्रत्येक लबाडी म्हणजे बनावट दस्त नव्हे. दुसऱ्याची जमीन आपली सांगून स्वतःच्याच नावाने विकली, तर तेवढ्याने दस्त बनावट ठरत नाही, असे मोहम्मद इब्राहिम खटल्यात 2009 मध्ये ठरले. भावाला नमविण्यासाठी फौजदारीचा दंडुका उगारणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

तो दंडुका लोकमान्यांवरही उगारला गेला. ताईमहाराज प्रकरणात मृत्युपत्राचे विश्वस्त या नात्याने त्यांनी दत्तकविधान पुढे नेले. 1902 मध्ये न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी बनावट दस्त आणि खोटी साक्ष अशा आरोपांखाली त्यांना फौजदारी न्यायालयाकडे धाडले. 1903 मध्ये खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. मार्च 1904 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि उरलेले आरोप सरकारने मागे घेतले. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र चालूच राहिला. मंडालेची शिक्षा भोगून लोकमान्य परतले, तेव्हाही तो संपला नव्हता. 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या बाजूने निकाल दिला.