उतारावरची सायकल

आपल्या सुप्याचा भाग जिरायती, वाटा मुरमाड. गटातल्या आम्ही ६ जणी मुलांच्या गिअरच्या सायकली घेऊन तळ्याकाठच्या वाटेने निघालो. वाट जेमतेम २ किलोमीटरची, पण मध्ये खडीचा उतार आणि लगेच चढ. लग्नानंतर कुणीच सायकलला हात लावला नव्हता.

जवळच १९९७ साली जाहीर झालेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते चिंकारांचं घर, म्हणून तिकडे वळलो नाही.

उतारावर एक जण पडली, गुडघा फुटला. घाबरून तिने पुढचाच ब्रेक करकचून दाबला होता. मग आम्ही शिकलो : सीट थोडी खाली घ्यायची, उतारावर अंग मागे न्यायचं, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवायचे, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. नजर चाकावर नको, पुढच्या वाटेवर हवी. चढाआधीच हलका गिअर टाकायचा.

ती म्हणाली, "घरी सांगू नका, परत पाठवणार नाहीत." पण आम्ही सगळ्या तिच्या घरी गेलो, खरं ते सांगितलं. सासूबाईंनी हळद लावली आणि विचारलं, "मग चढ चढलीस का?"

आता गटाचा हप्ता भरायला ती सायकलवरच बँकेत जाते. तुम्हीही एकमेकींच्या सोबतीनं निघा.