पूर ज्या वाटेनं चढतो



नाशिकला आलेला पाहुणा पंचवटी बहुधा रिक्षातून पाहतो. काळाराम, सीतागुंफा, तपोवन, रामकुंडावर पायाला पाणी लावायचं आणि संध्याकाळच्या आत त्र्यंबकेश्वर गाठायचं. दर्शनं होतात, पण नदीकाठ राहून जातो. म्हणून आज एक वेगळी वाट सुचवतो. गोदावरीला पूर आला की पाणी ज्या क्रमानं गावात चढतं, त्याच क्रमानं आपण पायी चढायचं. पावसाळा सोडून, अर्थात!

सुरुवात अहिल्यादेवी होळकर पुलावरून करा. हा पूर्वीचा व्हिक्टोरिया पूल. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक आलं ते सरकारी यंत्रणा या पुलापाशी मोजते. नाशिककरांचं मोजमाप निराळं आहे, ते पुढं येईलच. पुलावरून खाली उतरा, रामकुंडाची वाट कुणालाही विचारा. ‘गंगेवर’ म्हणालात तरी चालेल, इथं गोदावरीला गंगाच म्हणतात.

रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडं वळते, म्हणून अस्थिविसर्जनासाठी या जागेचं महत्त्व. मुंडन केलेली माणसं, ओल्या पंच्यांचे पिळे आणि मांडीवर वही उघडून यजमानाच्या पणजोबांचं नाव शोधणारे तीर्थोपाध्ये इथं रोजचे. गर्दीतून वाट काढताना जरा पायाखालीही पाहा. कुंडांच्या तळाशी मध्यंतरी काँक्रीट ओतलं गेलं. त्याखाली नैसर्गिक झरे बुजल्याची तक्रार घेऊन नाशिककर कोर्टापर्यंत गेले. माझं मत विचाराल तर वाहत्या नदीला फरशी घालण्याची कल्पना सुचणंच चमत्कारिक.

थोडं पुढं नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, शेंदरी, दोन दिशांना दोन तोंडं असलेला. हेच नाशिककरांचं मोजमाप. पाणी गुडघ्याला लागलं तर काळजी नाही. कमरेला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. छातीला आलं की बाजारपेठेतले व्यापारी दुकानात जाऊन माल उचलायला लागतात. वर्तमानपत्रंसुद्धा पूर असाच सांगतात आणि तो सगळ्या गावाला कळतो. क्युसेकचे आकडे ऐकून किती जणांच्या डोळ्यांपुढं पाणी उभं राहतं, सांगा बरं!

मारुतीच्या जवळच, पंचवटीच्या काठावर नारोशंकराचं मंदिर आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलेलं हे रामेश्वराचं देऊळ. भोवती किल्ल्यासारखा तट आणि दर्शनी दारावर ती प्रसिद्ध घंटा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही पोर्तुगीज घंटा. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ते हिच्यावरूनच. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, असं जुनी माणसं सांगतात. तुम्ही दारात उभे राहून आधी मान वर करून घंटा पाहा आणि मग वळून खाली मारुतीकडं पाहा. पुराचा अंदाज येण्यासाठी आणखी काही वाचायला नको.

आता रामसेतूवरून पलीकडं जा. हा पायी जाणाऱ्यांचा पूल. उतरलात की भांडी बाजार. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी ती हीच. हंडे, कळशा, घंगाळी, पळी-पंचपात्री, दुकानाबाहेरपर्यंत टांगलेली. इथं रेंगाळायला हरकत नाही. घासाघीस करा, भांडं हातात घेऊन वजन बघा. पुढचा सराफ बाजार अरुंद आहे आणि तिथली गंमत अशी की पाणी नेहमी नदीकडूनच येतं असं नाही. या भागाखालून सरस्वती नाला वाहतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी मागं हटतं आणि मोठा पाऊस झाला तर नदी शांत असतानाही दहीपुलाकडून लोंढा दुकानांत शिरतो. घाटावर उभं राहून ‘अजून वेळ आहे’ म्हणणारा माणूस इथं हमखास फसतो.

थोडंसं वर चढलं की सरकारवाडा, पेशवाईतली दगड-लाकडाची भक्कम वास्तू. पूर मोजण्याची ही शेवटची खूण: पाणी सरकारवाड्याच्या किती पायऱ्या चढलं? या पायऱ्यांवर घटकाभर बसा, पायांनाही विश्रांती हवीच.

काळाराम मंदिर मात्र या वाटेवर नाही. ते पंचवटीत उंचावर आहे. पाण्याच्या भीतीशी त्याचा संबंध नाही, पण माणसांनी अडवलेल्या दाराशी आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला, तो इथं. पुढं कित्येक वर्षं तो चालला. त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा, रिक्षातून उतरून घाईघाईनं पाहण्याची ती जागा नव्हे.

आणि परतताना भांडी बाजारातल्या एखाद्या वयस्कर दुकानदाराला विचारा, पूर १९६९ चा मोठा की २००८ चा? तो उत्तर देईपर्यंत शेजारचा दुकानदार मध्ये बोलेल आणि दोघांचं जमणार नाही. चहा मात्र ते तुम्हालाच पाजतील.