पाऊस एकच, पाणी निराळें

विहार आणि पवई हीं मुंबईच्या उपनगरांतील दोन तळीं एकमेकांच्या अगदीं शेजारीं आहेत. दोहोंवर पाऊस सारखाच पडतो. तरी विहारचें पाणी शुद्ध करून मुंबईकर आजही पितात. पवईचें पाणी मात्र पिण्याच्या उपयोगाचें नाहीं, आणि त्यावर जलपर्णीचें दाट रान माजतें. शेजारच्या दोन तळ्यांत एवढा भेद कां, असें कुतूहल श्रोत्यांस वाटणें स्वाभाविक आहे. त्याचा उलगडा भोंवतालच्या जमिनीपाशीं होतो.

हवेचा सुमारें चार पंचमांश भाग नत्रवायूचा आहे. वनस्पतींना तो मुख्यतः अमोनिया व नायट्रेट या रूपांतच घेतां येतो. यांपैकीं नायट्रेट पाण्यांत सहज विरघळतें, मातीच्या कणांस फारसें चिकटत नाहीं, आणि पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातें. विहारभोंवतीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य आहे. तेथें पालापाचोळा पावसाचा मारा झेलतो, पाणी सावकाश मुरतें, आणि झाडांचीं मुळें व मातींतील सूक्ष्म जंतु नत्र टिपून घेतात. पवईभोंवतीं दाट वस्ती झाली. डांबर आणि काँक्रीट यांत पाणी मुरत नाहीं. तें सांडपाण्यांतील नत्र घेऊन तळ्यांत शिरतें. त्यावर जलपर्णी पोसते. ती कुजूं लागली कीं पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात.

पहिल्या पावसाचा लोंढा विशेष घातक असतो. कोरड्या महिन्यांत गटारांतून आणि गोठ्यांतून सांचलेला मळ त्यासरशीं वाहून येतो. पुढें पाणी वाढून नत्राचें प्रमाण विरळ होतें, परंतु पूर मोठा असला म्हणजे वाहून गेलेला एकूण सांठा मोठाच भरतो.

या दोन तळ्यांच्या सांडव्यांपासून मिठी नदी निघते व कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर नदीचें पात्र खोल व रुंद करण्यांत आलें आणि कांठांस भिंती घालण्यांत आल्या. पाण्याचा निचरा त्यानें सुधारतो, पण नत्राचा उगम उतारावर आणि नाल्यांतच राहतो. खारफुटीच्या चिखलांत पाणी रेंगाळलें, तर तेथील जंतु नायट्रेटचा पुन्हा नत्रवायु करितात. दोन भिंतींमधून धांवणाऱ्या पाण्यास ही संधि मिळत नाहीं.

पाऊस किती पडावा, हें माणसाच्या हातीं नाहीं. सांडपाणी नाल्यांत सोडण्यापूर्वीं शुद्ध करणें, कांठचीं झाडें आणि खारफुटी राखणें मात्र त्याच्या हातीं आहे. विहारभोंवतालचें रान जपणें म्हणजे पिण्याचें पाणीच जपणें होय.