शेंगदाण्याला दोषी कोणी ठरवावे?



गुलटेकडीच्या या मार्केट यार्डात गहू, तीळ, शेंगदाणा यांची पोती आपण वाहता, तोलता, विकता. हेच धान्य एखाद्याच्या शरीराला मानवत नाही. ते ओळखावे कसे? पदार्थाच्या अर्काचा थेंब त्वचेवर ठेवून सुईने किंचित टोचतात व पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते का, ते पाहतात. अथवा रक्तातील ‘आयजीई’ हे प्रतिपिंड मोजतात. मात्र गांध उठली म्हणजे शेंगदाणा वर्ज्य झाला, असे नव्हे. अशा कित्येकांना तो सुखेनैव पचतो. खाल्ल्यावर काय झाले व किती वेळाने, हा वृत्तांत अधिक मोलाचा. तरीही संशय उरल्यास डॉक्टर आपल्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालतात. घरी हा प्रयोग करू नये.

‘आयजीजी’ हे दुसरेच प्रतिपिंड मोजून वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी हाती देणाऱ्या तपासण्यांनी ॲलर्जी सिद्ध होत नाही. त्या यादीवरून मुलाचे दूध, डाळ, दाणे तोडणे म्हणजे पैसे मोजून उपासमार विकत घेणे होय. गव्हाचा संशय असल्यास तपासणीपूर्वीच पोळी सोडू नये. सीलिॲक रोगाची रक्ततपासणी त्यामुळे फसवी ठरू शकते.

वेष्टनबंद मालावर शेंगदाणा, दूध, गहू यांचा उल्लेख करणे अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमांनुसार आवश्यक आहे. सुट्या मालाला वेष्टन नसते. तेथे गिऱ्हाइकाने विचारावे आणि दुकानदाराने खरे तेच सांगावे. खाताच ओठ सुजले, श्वास कोंडला, तर कोणत्याही तपासणीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.