वेगाची हौस



वेगाचं वेड मला लहानपणापासून आहे. एस.टी.त बसलो की ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची आणि काटा कुठवर चढतो ते बघायचं, हा माझा छंद होता. पुढं एम.ए. झालो, कॉलेजात शिकवू लागलो, पण मोटारगाड्यांच्या शर्यतींची बातमी दिसली की अजून आधी तीच वाचतो. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, तेव्हा स्टाफरूममध्ये मी दुसरं काही बोलत नव्हतो. पण खरं सांगायचं तर आमच्या कवठे महांकाळच्या माळावर वेगाची हौस मोटारीनं आणली नाही. ती आणली बैलानं. आज त्या हौसेविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

आमचा भाग पर्जन्यछायेतला. अग्रणी नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. अशा मुलखात थोड्या वैरणीवर, उन्हातान्हात, लांबची वाट तुडवणारं जनावर हवं होतं. ते म्हणजे खिलार. जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा हा सारा टापू खिलारचं माहेर. पांढरी-कोसी कातडी, लांबट तोंड, मागं झुकून वर गेलेली शिंगं, कणखर खूर आणि झपझप चाल. खरसुंडीच्या जत्रेत खोंडाची पारख करणारी म्हातारी माणसं बघा. ती आधी पाय बघतात, मग छाती, आणि रंगावर शेवटी येतात. मोटारीचा जाणकार रंगाकडं न बघता आधी इंजिनाचा आवाज ऐकतो, तसंच हे.

शर्यतीचा छकडाही असाच विचार करून केलेला असतो. शेतातली गाडी जड, ओझं वाहायची. छकडा हलका, एका माणसापुरता. त्यावर बसणाऱ्याला आमच्याकडं सरळ 'ड्रायव्हर' म्हणतात. दोन्ही बैलांचा टाप एक पडला पाहिजे. एक ओढणारा आणि दुसरा रेंगाळणारा असेल तर जू तिरकं होतं आणि गाडी चाकोरी सोडते. म्हणून नुसता एक बैल जोरकस असून भागत नाही, जोड जमावी लागते. दातांवरून वर्ग पाडतात. दुधाचे दात असलेला तो आदत, मग दुसा, मग चौसा. पुण्याकडं जुन्नर-आंबेगाव भागात घाटात चार बैल जुंपतात आणि पुढं घोडी पळते. विदर्भात हाच खेळ शंकरपट म्हणून ओळखतात. प्रत्येक मुलखाची रीत निराळी, हौस एकच.

आता कायद्याचं थोडं सांगतो, कारण त्याविषयी पारावर अर्धवट माहिती फार ऐकू येते. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास बंदी करणारा कायदा 1960 सालचा. 2011 मध्ये केंद्र सरकारनं खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. 2017 मध्ये आपल्या विधिमंडळानं कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती आली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. ध्यानात घ्या, शर्यतीला मोकळीक मिळाली ती नियमांसह. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, जनावरांची डॉक्टरी तपासणी हवी, धाव हजार मीटरच्या आत हवी, आणि काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका यांतलं काही वापरायचं नाही. नियम मोडले तर कैद किंवा भारी दंड आहे.

न्यायालयापुढं जो प्रश्न होता तो आपल्यापुढंही आहे. बैल हा घोड्यासारखा पळण्यासाठी घडलेला प्राणी नाही. त्याचा खूर दुभंगलेला, पोट रवंथ करणाऱ्याचं, अंग सावकाश आणि सातत्यानं ओढण्यासाठी बनलेलं. मोटारीचं इंजिन तापलं तर काटा लाल खुणेवर जातो आणि आपण थांबतो. बैलाला असा काटा नाही. त्याचा काटा म्हणजे मालकाची नजर. तोंडाला फेस आला, धाप थांबेना, पाय अडखळला, हे ज्याला दिसत नाही किंवा दिसूनही जो पुढच्या फेरीला जुंपतो, त्याच्या हौसेला मी हौस म्हणत नाही.

उलट बाजूही खरी आहे. म्हैसाळ योजनेचं पाणी आमच्याकडं आलं, माळावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि बागेत बैलाचं काम ट्रॅक्टर करू लागला. खिलार गाय दूध बेताचं देते. मग ती दावणीला ठेवायची कशासाठी? शर्यतबंदीच्या वर्षांत हा सवाल पुष्कळ घरांत विचारला गेला आणि खिलार खोंडाचा भाव उतरला. बंदी उठल्यावर गोठे पुन्हा भरू लागले. तेव्हा शर्यत आहे म्हणून खिलार आहे, हे म्हणणं अगदीच खोटं नाही.

पण मंडळी, ते पुरंही नाही. समजा, एका गावात दहा खोंड जन्मले. त्यांतला एखादाच पळणारा निघतो. त्याला दूध, भरडा, पेंड, अंगावर झूल, आणि किंमत लाखांत. उरलेल्या नऊंचं काय? त्यांना ना नांगर, ना मोट, ना मैदान. ज्याला खरंच खिलार जगवायचं आहे त्यानं या नऊंचा हिशेब आधी मांडावा. बैलाच्या अवजारांत सुधारणा करून लहान शेतकऱ्याला ती परवडतील असं करणं, शेणखताला मोल देणं, चांगल्या वळूंची नोंद ठेवणं, हे काम टाळ्या मिळवून देत नाही. पण जात टिकते ती याच कामानं. नुसत्या शर्यतीवर टिकलेली जात म्हणजे एका खांबावरचा मांडव.

हौसेचं दुसरं भय माणसांना आहे. शिक्षक मित्रांनो, इथं आपली गरज आहे. पोरांना सांगून ती ऐकत नाहीत, पण गणित करून दाखवलं की विचार करतात. फळ्यावर मांडा: जोडीनं 500 मीटर 45 सेकंदांत काटले, तर वेग ताशी 40 किलोमीटर झाला. म्हणजे सेकंदाला 11 मीटर. चाकोरीच्या कडेला उभं राहून मोबाईलवर चित्र घेणाऱ्याला सावरायला एक सेकंद लागला, तेवढ्यात गाडी 11 मीटर पुढं आलेली असते. म्हणून बघणाऱ्यानं कठड्याच्या आतच थांबावं, आणि कठडा पल्ल्याच्या शेवटीही असावा, कारण निशाण ओलांडलं म्हणून बैल तिथंच उभे राहत नाहीत.

आणि मैदान सुटल्यावर? तीच पोरं मोटारसायकलीवर तिघं-तिघं बसून मिरज-पंढरपूर रस्त्याला लागतात. ताशी 80 नं गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डोक्यावर हेल्मेट नसतं, समोरून उसाची ट्रॉली येते, तिला मागं दिवा नसतो. मोटारशर्यतीतला चालक हेल्मेट घालतो, पट्टा बांधतो आणि बंद धावपट्टीवरच गाडी सोडतो. वेगाचा खरा शौकीन वेगाला भितो. ज्याला भीती नाही त्याला वेग कळलेला नाही.

माझ्या घरी भावाकडं खिलारची जोडी आहे. ती मैदानात उतरते. कधी गटात मार खाते, कधी पुढं जाते. पराणी आमच्या गोठ्यात नाही. "पराणीशिवाय पळतील का?" असं लोक विचारतात. भाऊ म्हणतो, "हाकेवर पळतील तेवढं पळू देत. त्यापुढचं पळणं त्यांचं नव्हं, माझं झालं."

या बोलण्यात सारं आलं असं मला वाटतं. हौस आपली आणि दम दुसऱ्याचा, असा हा खेळ आहे. म्हणून यात्रा कमिट्यांनी बक्षिसाचा आकडा वाढवण्याआधी सावली, पाणी आणि गुरांचा डॉक्टर यांची सोय बघावी. 2025 च्या नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात झालेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस भारी मोटार होती. मोटारीचं मला किती वेड आहे ते मी सांगितलंच. पण ती मोटार दारात उभी राहील तेव्हा गोठ्यातली जोडी धडधाकट रवंथ करीत बसलेली असावी, एवढीच माझी मागणी आहे.